कोणी धरून ठेवलंय?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप. गेले तीन आठवडे ज्या बगने झोप उडवली, त्याच्याबद्दल लिहिणार आहे. त्यानिमित्ताने थोडा इतिहास वाचला आणि खरं सांगायचं तर बगपेक्षा तोच जास्त रंगला.

आमचा एक क्रॉलर आहे, पायथनमध्ये, असिंकआयओवर चालणारा. रात्री दहाला सुरू व्हायचा आणि पहाटे चारच्या सुमारास सर्व्हरची मेमरी संपवून मरायचा. टीममधल्या नव्या मुलीने त्याच आठवड्यात पार्सिंगची लायब्ररी बदलली होती. मी स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "नवीन लायब्ररी लीक करतेय, दुसरं काय!" ती गप्प बसली.

आता प्रश्न असा, की पायथनमध्ये मेमरी लीक होतेच कशी? सीमध्ये मेमरी मागितली आणि परत करायला विसरलो, तर समजू शकतं. इथे साफसफाईला माणूस ठेवलाय की!

हा माणूस पहिल्यांदा कामावर ठेवला एमआयटीच्या जॉन मॅकार्थींनी, लिस्प भाषेसाठी. त्यांच्या १९६० च्या पेपरात पद्धत दिली आहे: प्रोग्रामच्या हातातल्या टोकांपासून निघायचं, जिथवर पोचता येईल तिथे खूण करायची, उरलं तो कचरा. गंमत म्हणजे 'गार्बेज कलेक्शन' हा शब्द त्या पेपरात नाही. तो आधीपासून वापरात होता, पण पेपरात लिहायला आपण कचरलो, अशी कबुली मॅकार्थींनी नंतर दिली. कचऱ्याला कचरा म्हणायला कचरले!

त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सुचवली. प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरलंय ते मोजा. आकडा शून्य झाला की टाकून द्या. सोपं आणि ताबडतोब. पण दोन वस्तूंनी एकमेकींचा हात धरला तर आकडा शून्य होतच नाही, हे १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी दाखवून दिलं.

पायथनने कॉलिन्सची वाट धरली. अशी वर्तुळं शोधून तोडणारा भाग त्यात आला तो थेट ऑक्टोबर २००० मध्ये, २.० आवृत्तीत. आणि गूगलचा सुरुवातीचा क्रॉलर त्याच्याही आधीचा, पायथनमध्येच लिहिलेला! ब्रिन आणि पेज यांच्या १९९८ च्या पेपरात वर्णन आहे: प्रत्येक क्रॉलर एकाच वेळी सुमारे ३०० कनेक्शन्स उघडी ठेवायचा, तेही असिंक्रोनस पद्धतीने. चार क्रॉलर मिळून सेकंदाला शंभराहून जास्त पानं आणू शकायचे. वर्तुळं तोडायची जबाबदारी अर्थात लिहिणाऱ्याची.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, कॉम्पॅकच्या संशोधन केंद्रात हेडन आणि नायोर्क यांनी जावामध्ये 'मर्केटर' क्रॉलर केला. त्यात आणायच्या पत्त्यांची रांग बहुतेक डिस्कवर असायची, आणि पाहिलेल्या पत्त्यांचा पूर्ण मजकूर न ठेवता नुसता छोटा चेकसम ठेवायचे. वेबला अंत नाही, म्हणून पानांबरोबर वाढणारं काहीही मेमरीत ठेवायचं नाही. मला हा धडा शिकायला २५ वर्षं उशीर झाला :)

कारण सफाईवाला कितीही हुशार झाला तरी त्याला एवढंच कळतं, की या वस्तूपर्यंत अजून कोणी पोचू शकतं का. ती पुढे लागणार आहे का, हे त्याला कळत नाही. आईच्या माळ्यावरचे श्रीखंडाचे रिकामे डबे आठवा. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हटलं की विषय संपला. अशा भाषांतली लीक बहुतेकदा विसरण्यामुळे होत नाही, धरून ठेवल्यामुळे होते.

तर आमची लीक. पहिला संशय बिनमर्यादेच्या रांगेवर. आमच्या रांगेला मर्यादा होती. दुसरा संशय एकदम हजारो टास्क सुरू करण्यावर, तेही नव्हतं. मग ट्रेसमॅलॉक लावलं (हे आणि असिंकआयओ, दोन्ही मार्च २०१४ च्या ३.४ मध्ये आलेली जुळी भावंडं). तासाभराच्या अंतराने दोन स्नॅपशॉट घेतले. सगळी वाढ पानाचा मजकूर वाचणाऱ्या ओळीवर. पण मेमरी कुठे जन्मली हे कळलं, सांभाळतंय कोण हे नाही. ते जीसी मॉड्यूलला विचारलं. मजकूर धरलाय फंक्शनच्या फ्रेमने, फ्रेम धरलीय ट्रेसबॅकने, ट्रेसबॅक एक्सेप्शनने, आणि एक्सेप्शन एका लिस्टने.

पायथन ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २००८ पासून, प्रत्येक एक्सेप्शन आपला ट्रेसबॅक बरोबर घेऊन फिरतं, आणि त्यामागे फंक्शनमधली सगळी व्हेरिएबल्स. सकाळच्या रिपोर्टसाठी फसलेल्या पानांची एक्सेप्शन्स कोणीतरी लिस्टमध्ये साठवत होतं. म्हणजे प्रत्येक फसलेलं पान, अख्खंच्या अख्खं, सकाळपर्यंत जिवंत. नवी लायब्ररी जास्त कडक, म्हणून फसलेली पानं जास्त, एवढंच.

ती लिस्ट मी दोन वर्षांपूर्वी लिहिली होती.

आता फक्त पत्ता आणि एररचा मजकूर फाइलमध्ये जातो. दोन ओळींचा बदल. मेमरीचा आलेख सपाट. सोमवारी स्टँडअपमध्ये, सगळ्यांसमोरच, तिची माफी मागितली. ती म्हणाली, "रिपोर्टमधला एररचा आकडा वाढलेला मला पहिल्याच दिवशी दिसला होता. सांगणार होते... पण तुम्ही आधीच लायब्ररी म्हणालात."

म्हणजे तीन आठवडे उत्तर खोलीतच होतं, आणि ते अडवून मीच बसलो होतो.

असो. चहा गार झाला.