टर्बो बसविण्याआधीची जुळवाजुळव
माझदाच्या १९८९ सालच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीतील १.६ लिटर इंजिनाला टर्बोचार्जर जोडणारे हौशी अनेक देशांत आहेत. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरतो. इंजिनाचे संपीडन प्रमाण मुळातच ९.४:१ असल्याने मिश्रण अवेळी पेटून पिस्टन निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून इंधनाचा हिशेब आधी मांडावा लागतो : मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि ठिणगीची वेळ आवरणारे नियंत्रक. इंटरकूलर हवा थंड करतो खरा, पण रेडिएटरसमोर बसल्याने त्याचा वारा अडवतो. टर्बोला तेल देणारी नळी बारीक चालते. परतीची मात्र रुंद आणि उताराचीच हवी, कारण तेल गुरुत्वाकर्षणानेच खाली येते. क्लचचा खर्च बहुधा विसरला जातो. वाढलेल्या टॉर्कने आधी घसरतो तोच.