बिंदूपर्यंतची पन्नास वर्षं

अमूर्त चित्रासमोर उभं राहिलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, "यात काय आहे बुवा? हे तर मीही काढलं असतं!" सय्यद हैदर रझांच्या चित्रांसमोर तर हमखास. मोठा काळा गोल, भोवती त्रिकोण, चौकोन, लाल-पिवळे पट्टे. आणि हाच माणूस २०२३ मध्ये मुंबईतल्या लिलावात ५१.७५ कोटींना विकला जातो (चित्राचं नाव 'जेस्टेशन', १९८९ चं). किमतीचं सोडून देऊ, त्यातलं मला काही कळत नाही. पण तो काळा गोल आला कुठून, ही गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे.

रझांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात, त्यामुळे बालपण नर्मदेच्या खोऱ्यात, दाट जंगलात गेलं. रात्रीच्या जंगलाची भीती, गोंडांच्या नाचाने वाटणारा धीर आणि उजाडल्यावर मिळणारा दिलासा याबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले. शाळेत स्वारीचं लक्ष नसायचं. एका मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. झालं! पुढे जगप्रसिद्ध झालेला 'बिंदू' तो हाच, असं सगळीकडे सांगतात.

गोष्ट छान आहे, पण जरा जास्तच सरळ आहे. कारण तो ठिपका आणि कॅनव्हासवरचा बिंदू यांच्यात साधारण पन्नास वर्षं जातात. एवढ्या वर्षांत काय झालं?

आधी नागपूरची कलाशाळा, मग मुंबईचं जे. जे. मुंबईत पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्रं. (नोकरी सांभाळून वीकेंडला काहीतरी करू पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) तेव्हाची त्यांची चित्रं म्हणजे शहराची जलरंगातली दृश्यं, पावसाळी रस्ते वगैरे. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्याच सुमारास वर्षभराच्या अंतराने आई गेली, वडील गेले. फाळणी झाली. भावंडं आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. पंचविशीतल्या माणसाचं घर म्हणावं असं फारसं काही उरलं नाही.

१९४८ मध्ये काश्मीरला गेले असताना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं चांगली आहेत, पण त्यांना बांधणी नाही, सेझान बघ, असं त्याने सुचवलं. १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला पोचले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार. १९५९ मध्ये जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी लग्न केलं. थोडक्यात काय, माणूस व्यवस्थित 'सेटल' झाला.

आणि इथेच गंमत आहे. आधीच्या चित्रांत फ्रान्समधली गावं, घरं, चर्च ओळखू येतात. मग हळूहळू घरं विरघळतात आणि रंग उरतात. १९६२ मध्ये बर्कलेला शिकवायला गेले, तिथे रॉथ्कोची चित्रं पाहिली, तेव्हापासून रंग आणखी मोकळे झाले. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत काळोख दाटतो, मधे आग पेटल्यासारखा लाल दिसतो. हे काही फ्रान्स नव्हे. हे मंडलाचं रात्रीचं जंगल आहे, डोळ्यांसमोर नसलेलं. तपशील गेले, भीती आणि ऊब तेवढी राहिली.

मला वाटतं, अमूर्त होणं म्हणजे नेमकं हेच. अमूर्त चित्रात काहीच नसतं असं नाही. आठवणीतून झाडून सगळं गळून गेल्यावर जे हटत नाही, ते तिथे असतं. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा. गल्लीचा नकाशा तो विसरलेला असतो, पण पहिल्या पावसाचा वास नाही.

१९८० च्या आसपास बिंदू आला. १९८१ च्या 'माँ' या चित्रात काळा बिंदू आहे आणि खाली देवनागरीत अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ. तीस वर्षं पॅरिसमध्ये राहिलेला माणूस आईला उद्देशून हिंदीत लिहितो! पुढे बिंदू खूपदा आला, जरा जास्तच आला अशी टीकाही झाली. ती अगदीच खोटी नाही. काही उशिराची चित्रं मलाही छापील वाटतात. पण 'माँ' मधला बिंदू तसा नाही, त्याला किंमत मोजलेली आहे.

२००२ मध्ये जानीन गेल्या. २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीला परतले आणि २३ जुलै २०१६ ला तिथेच गेले. दफन मात्र दिल्लीत नाही, पॅरिसमध्येही नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडलाला, वडिलांच्या कबरीशेजारी.

तेव्हा पुढच्या वेळी गॅलरीत तो काळा गोल दिसला तर "मीही काढला असता" म्हणायच्या आधी दोन मिनिटं थांबा. गोल काढता येईलच हो, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधीची पन्नास वर्षं कुठून आणणार?