शरीराचें अंगभूत बळ आणि स्तनाचा कर्करोग

लातुरास आगगाडी आली ती 1911 मध्यें, आणि तीही बार्शीच्या अरुंद रुळांवरून. लातूर व नांदेड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं. छातींत गांठ लागलेल्या बाईनें ती गाडी धरावी, तर जावें कोठें? मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालयच मुळीं 1941 सालीं उघडलें. पुढें बार्शीसही नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय झालें, आणि ग्रामीण कर्करोगाची देशांतील पहिली नोंदवही 1987 पासून तेथेंच लिहिली जाऊं लागली.

शरीराच्या प्रतिकारशक्तीस हाताशीं धरून कर्करोगाशीं झुंजावें, ही कल्पना मात्र याहून जुनी आहे. विसर्प, म्हणजे आपलें धांवरें, होऊन गेल्यावर एका रोग्याची गांठ विरून गेल्याची हकीकत न्यूयॉर्कचे शल्यवैद्य विल्यम कोली यांच्या दृष्टीस पडली. तेव्हां 1891 मध्यें त्यांनीं तेच जंतू मुद्दाम रोग्यांस टोंचून पाहिले. कांहीं बरे झाले, कांहीं दगावले. पुढें क्ष-किरणांचा बोलबाला झाला आणि कोली मागें पडले. पद्धत धोक्याची होती हें खरें. पण दिशा चुकली होती असें आम्हांस वाटत नाहीं.

स्तनाच्या कर्करोगांत त्या दिशेनें पहिलें भक्कम पाऊल पडलें तें 1998 मध्यें. शंभरांतील पंधरा ते वीस रोगिणींच्या गांठींत हर-दोन नांवाचें प्रथिन अतोनात वाढलेलें असतें. त्यावर नेमकें जाऊन चिकटणारें ट्रास्टुझुमॅब हें प्रतिद्रव्य त्या वर्षीं अमेरिकेंत मान्य झालें. तें गांठीची वाढ रोखतें आणि प्रतिकारक पेशींस शत्रूची खूणही पटवितें. बंगळुरास बनलेल्या त्याच्या समतुल्य औषधास आपल्या देशांत 2013 सालीं परवानगी मिळाली.

याहून निराळी युक्ति अॅलिसन व होन्जो यांची. प्रतिकारक पेशींस मुळांतच लगाम असतो. तो सैल केला कीं त्या कर्कपेशींवर तुटून पडतात. 2018 चें नोबेल पारितोषिक त्यांस याच शोधाबद्दल मिळालें. ज्या गांठींत हर-दोनचा अतिरेक नाहीं आणि दोन्ही संप्रेरकांचे ग्राहकही नाहींत, त्यांवर नेहमींचीं नेमकीं औषधें चालत नाहींत. अशा गांठी लवकर सांपडल्या असतां वापरण्यास पेंब्रोलिझुमॅब हें लगाम सोडणारें औषध 2021 मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. सुटलेला घोडा कधीं घरच्याच शेतांत शिरतो. थायरॉइड, फुप्फुसें, आंतडीं यांसही इजा पोंचते.

तें शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर मिळून, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें, सतरा वेळां शिरेंतून द्यावयाचें असतें. नांदेडहून मुंबई सहाशें किलोमीटरच्या आसपास. सतरा वेळां जाणें, सतरा वेळां येणें, सोबतीस घरचें कोणी तरी, आणि औषधाची किंमत निराळीच! टाटा रुग्णालयाच्या वैद्यांनीं 2022 मध्यें दाखविलें कीं, याच जातीचें निव्होलुमॅब नेहमींच्या एक-दशांशाहूनही कमी मात्रेंत इतर औषधांबरोबर दिलें असतां तोंडाच्या व गळ्याच्या वाढलेल्या कर्करोगांत वर्षभर जगणारांचें प्रमाण शेंकडा 16 वरून 43 वर गेलें. ही कसोटी स्तनाच्या रोगाची नव्हे. ती त्याही रोगांत नेटानें घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.