राहत्या घरातूनच घराचा हप्ता: ‘हाऊस हॅकिंग’ म्हणजे काय आणि आपल्याकडे ते कितपत जमतं?

ज्या घरात स्वतः राहायचं, त्याच घराचा एक भाग भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता भरायचा, याला अमेरिकेत ‘हाऊस हॅकिंग’ म्हणतात. नाव नवं असलं तरी प्रकार आपल्याला नवा नाही. बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत, बडोद्याच्या दांडिया बाजारात, ग्वाल्हेरच्या लष्करात मालक खाली आणि बिऱ्हाडकरू वर, ही रीत जुनीच आहे. पण पूर्वी घर आधी उभं असायचं आणि भाडं ही वरकमाई असायची. आता भाडं येईल या भरवशावर कर्ज काढायचा विचार होतो. हिशेब चुकतो तो इथेच.

अमेरिकेतली पद्धत

तिथे एकाच इमारतीत दोन, तीन किंवा चार स्वतंत्र घरं असलेली मालमत्ता विकत घेता येते. एका घरात मालक राहतो, बाकीची भाड्याने जातात. सरकारी हमी असलेल्या ‘एफएचए’ कर्जात पात्र कर्जदाराला किमतीच्या फक्त ३.५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. अट अशी की, त्याने ६० दिवसांच्या आत तिथे राहायला जायचं आणि किमान वर्षभर राहायचं. इतर घरांचं अपेक्षित भाडंही कर्ज मंजूर करताना काही प्रमाणात उत्पन्नात धरलं जातं.

आपल्याकडे हे तसंच्या तसं लागू होत नाही. बँक प्रामुख्याने कर्जदाराचा पगार किंवा धंद्याचं उत्पन्न पाहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे यात धरत नाहीत. तो खिशातूनच जातो.

भाडं किती, हप्ता किती?

दोन उदाहरणं घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गावचे भाव घालून पाहावेत.

पहिलं: ५० लाखांचा फ्लॅट, कर्ज ४० लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास. त्यातली एक खोली ७,००० रुपयांनी दिली आणि वर्षात ११ महिने भाडेकरू राहिला, तर हातात ७७,००० येतात. हप्त्याचा पाचवा हिस्साही निघत नाही. शिवाय स्वयंपाकघर आणि दरवाजा एकच, म्हणजे घरातली मोकळीक गेली ती वेगळीच.

दुसरं: वडिलोपार्जित किंवा आधीच फिटलेलं घर आहे. त्यावर साडेबारा लाख खर्चून दोन खोल्या-स्वयंपाकघराचा मजला चढवला. अडीच लाख स्वतःचे, १० लाखांचं कर्ज, व्याज तेच, मुदत १५ वर्षं. हप्ता सुमारे ९,८५० रुपये, वर्षाला १ लाख १८ हजार. भाडं ९,००० धरलं तर ११ महिन्यांचे ९९,००० होतात. घरपट्टी आणि डागडुजीला १२,००० बाजूला काढले तरी ८७,००० उरतात. जवळपास पाऊण हप्ता भाड्यातून सुटतो.

दोन्हींतला फरक जमिनीच्या किमतीचा आहे. आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने भाडं कमी येतं आणि कर्जाचं व्याज त्याहून बरंच जास्त असतं. म्हणून जागेसकट सगळंच कर्जावर घेतलं की भाडं पुरत नाही. जागा हातात असेल आणि फक्त बांधकामाला कर्ज लागत असेल, तर गणित जुळतं. ज्यांच्याकडे जागा नाही, त्यांनी फ्लॅटपेक्षा वेगळा जिना किंवा वेगळं दार असलेलं लहान बैठं घर पाहावं. पुढे त्यावर बांधता येतं.

मजला चढवण्याआधी

सगळ्यात आधी पाया. जुन्या घराच्या भिंती आणि पाया वरचा भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. गवंड्याच्या अंदाजावर राहू नये.

मग कागद. प्रत्येक राज्यात त्यांची नावं वेगळी. कर्नाटकात जागेचा खाता ए आहे की बी, हे बँक आधी विचारते. गोव्यात जमिनीच्या रूपांतराची सनद आणि घराचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट लागतं. गुजरातमध्ये बिनखेती हुकूम आणि बीयू परमिशन, मध्य प्रदेशात डायव्हर्शन, तेलंगणात विनामंजुरी लेआउटमधला प्लॉट असेल तर एलआरएस. बांधकाम परवान्याशिवाय चढवलेल्या मजल्यावर कर्ज मिळणं कठीण, आणि पुढे घर विकतानाही तोच मजला आडवा येतो.

वडिलोपार्जित घरात आणखी एक पायरी असते. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारसा नोंद करून घ्यावी. भाऊ-बहिणींचा हिस्सा असलेल्या घरावर एकाने कर्ज काढायचं म्हटलं, तर बँक इतरांच्या सह्या मागते. नात्यात तोंडी ठरलं असलं तरी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून घेतलेलं बरं. मजला एकाच्या पैशाने झाला आणि भाडं कुणाचं, हा वाद घरातल्या घरातच पेटतो.

राज्य बदललं की कायदा बदलतो

भाडेकरार सगळीकडे सारखाच, हा मोठा गैरसमज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणूनच ११ महिन्यांचा करार करायची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. बेळगावात राहून कोल्हापूर किंवा पुण्यातलं घर भाड्याने देणाऱ्याला नोटरीचा कागद पुरत नाही.

इतरत्र वेगवेगळे कायदे आहेत. कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा, गोव्यात १९६८ चा, मध्य प्रदेशात १९६१ चा, तेलंगणात मूळ १९६० चा. गुजरातेत जुन्या मुंबई राज्याच्या १९४७ च्या कायद्याचा वारसा आहे. हे कायदे ज्या घरांना लागू होतात, तिथे मुदत संपली एवढ्यावर भाडेकरूला बाहेर काढता येईलच असं नाही, कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. आपलं घर कायद्याच्या कक्षेत येतं का, हे स्थानिक वकिलाला एकदा विचारावं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात लेखी करार आणि घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत असं सुचवलं आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

गोव्यात पर्यटकांना दिवसावर खोली देणं हा वेगळा व्यवसाय ठरतो. त्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा ठेवला तर त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते.

भाडेकरू घेताना

मालक त्याच छपराखाली राहणार, म्हणून इथे चूक महाग पडते. ओळखपत्र, नोकरी किंवा कॉलेजचा पुरावा आणि पोलीस ठाण्यात माहिती, या तीन गोष्टी ओळखीच्या माणसालाही लागू कराव्यात. ‘पावण्यातलाच आहे’ म्हणून करार टाळू नये. विजेचं मीटर वेगळं असावं, पाण्याचा वाटा, गाडी लावायची जागा, गच्ची आणि फाटक बंद करायची वेळ हे लिहूनच ठेवावं. भाडं बँकेतून घ्यावं. भाडेकरूलाही पावती मिळते आणि मालकाकडे नोंद राहते.

कराचा भाग

राहत्या भागाचा आणि भाड्याच्या भागाचा हिशेब वेगळा होतो. भाड्यातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्यानंतर भाड्याच्या भागावरच्या कर्जाचं व्याज वजा होतं. वरच्या दुसऱ्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याजच सुमारे ८४,००० रुपये जातं, त्यामुळे भाड्यावर कर जवळपास लागतच नाही. मात्र व्याज जास्त होऊन तोटा दिसला, तर जुन्या करपद्धतीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. राहत्या भागाच्या व्याजाची सवलतही नव्या पद्धतीत नाही.

सुरुवात कुठून करावी?

कर्जाचा अर्ज करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आपल्याच गल्लीत तशा दोन-तीन जागा प्रत्यक्ष किती भाड्याला गेल्या, ते विचारून यावं. एजंट सांगतो तो आकडा आणि खरोखर मिळतं ते भाडं यांत फरक असतो. दुसरं, सलग सहा महिने खोली रिकामी राहिली तर केवळ पगारातून हप्ता आणि घरखर्च दोन्ही निघतात का, हे कागदावर मांडून पाहावं. निघत असतील तर भाड्याने कर्ज लवकर फिटेल. निघत नसतील तर आणखी थोडी रक्कम जमेपर्यंत थांबलेलं बरं, कारण बिऱ्हाड रिकामं झालं तरी हप्त्याची तारीख टळत नाही.