थ्रेडसंख्या, डिफॉल्ट

वापरकर्त्याने वेगळे काही सांगितले नसेल, तर सॉफ्टवेअर स्वतःहून जितके थ्रेड कामाला लावते, ती त्याची डिफॉल्ट थ्रेडसंख्या. बहुतेक वापरकर्ते हे सेटिंग उघडूनही पाहत नाहीत. त्यामुळे साध्या लॅपटॉपपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत प्रोग्रॅमचा वेग बऱ्याच अंशी याच आकड्यावर ठरतो.

कामाचे स्वरूप : सतत आकडेमोड चालणाऱ्या कामाला कोअरमागे एक थ्रेड साधारणपणे पुरतो. डिस्क किंवा नेटवर्ककडून उत्तर येण्यातच वेळ जात असेल, तर कोअरपेक्षा जास्त थ्रेड ठेवणे फायद्याचे असते. पायथनचा थ्रेडपूल ३.८ आवृत्तीपासून कोअरसंख्येत ४ मिळवतो, पण ३२ च्या वर जात नाही.

वेगाची मर्यादा : जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, ९५ टक्के काम वाटून देता येत असेल तर १६ कोअरवर वेग सुमारे ९ पट होतो आणि कितीही कोअर वाढवले तरी २० पटींपलीकडे जात नाही. काम मेमरीच्या वेगावर अडलेले असेल, तर नवे थ्रेड त्याआधीच निरुपयोगी ठरतात.

कोअरची मोजणी : इंटेलच्या आय९-१२९००के (२०२१) या प्रोसेसरमध्ये ८ वेगवान आणि ८ कमी वीज खाणारे कोअर आहेत. वेगवान कोअर प्रत्येकी दोन थ्रेड चालवतात, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला एकूण २४ दिसतात. या २४ थ्रेडना काम सारखे वाटले, तर ज्यांचे आधी उरकते त्यांना मागे राहिलेल्यांसाठी थांबावे लागते.

कंटेनर : ६४ कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर कंटेनरला २ कोअरइतकाच कोटा दिला, तर दर १०० मिलिसेकंदांत त्याच्या वाट्याला २०० मिलिसेकंद प्रोसेसर-वेळ येतो. प्रोग्रॅमने ६४ थ्रेड एकदम पळवले, तर हा कोटा सुमारे ३ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ९७ मिलिसेकंद सगळे थ्रेड ठप्प होतात. जावाने हा कोटा २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून, तर गो भाषेने २०२५ मध्ये १.२५ आवृत्तीपासून लक्षात घेतला.

म्हणून यंत्रात किती कोअर आहेत यापेक्षा प्रोग्रॅमला त्यांतले किती वापरता येतात, हे पाहून डिफॉल्ट ठरवावा, त्याला कमाल मर्यादा घालावी आणि तो बदलण्याची सोय वापरकर्त्याला द्यावी.