अंगावरून पांढरं जाणं, गडचिरोली आणि प्रोबायोटिकची कॅप्सूल

परवा संध्याकाळी बावधनमधल्या एका मेडिकलवर उभा होतो. शेजारी एक ताई आल्या, चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने गोळ्या आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर काळी पिशवी. "याने परत नाही ना होणार?" ताईंनी इतक्या हळू विचारलं की दुकानदाराला ऐकूच गेलं नाही.

तो गुंडाळायचा कागद आमच्याच धंद्यातला. वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण या दुखण्यावर एक ओळ लिहिलेली आठवत नाही. बायकांचा विषय, आपण काय बोलायचं, असंच वाटायचं. तर आज जरा इतिहास सांगतो.

1892 साली जर्मनीतल्या आल्बर्ट डोडरलाईन या स्त्रीरोगतज्ज्ञाने दाखवलं की निरोगी योनीमार्गात काही जिवाणू मुक्कामालाच असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. पुढे यांनाच लॅक्टोबॅसिलस म्हणू लागले. दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद, पण तेच नव्हेत. (म्हणून दही खा खुशाल, आतून लावायचे घरगुती प्रयोग नकोत.)

आपल्याकडे मात्र मुळात दुखणं किती आहे हेच कुणी मोजलं नव्हतं. ते मोजलं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी, गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत. 650 बायका तपासल्या. त्यातल्या 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला 3.6. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका? फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं आणि जगाचे डोळे उघडले. तोवर सरकारी लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, बस्स.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. मेट्रोनिडॅझोलने तो बरा होतो, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना परत होतो. कारण औषध वाईट जंतू मारतं, पण राखणदार जिवाणू आपोआप परत येतीलच असं नाही. मग ते बाहेरून आणून वसवले तर? अमेरिकेत 228 बायकांवर हा प्रयोग झाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मेट्रोनिडॅझोलचं जेल, मग काहींना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा जिवाणू योनीमार्गात, काहींना नुसतं खोटं औषध. बारा आठवड्यांत खोट्या औषधाच्या गटात 45 टक्के जणींना दुखणं उलटलं, जिवाणू दिलेल्यांत 30 टक्के.

म्हणजे फरक पडतो, पण हमी नाही. आणि दुकानात प्रोबायोटिक म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये हाच जिवाणू असतो असं अजिबात नाही, बऱ्याच तर पोटासाठीच्या असतात. पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा. मूळ गोळ्या अर्ध्यावर सोडून नुसत्या कॅप्सूलवर राहू नका. दुखणं परत परत येत असेल तर जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी नेण्याआधी तपासून घ्या. बुरशीचा संसर्ग असला तर औषधच वेगळं लागतं, आणि कधी कधी रक्तातली साखरही बघावी लागते.