विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे
मिश्रण, द्रावण आणि विद्राव्यता मुलांना कशी समजावावी?

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर घालून ढवळली की काही क्षणांत ती दिसेनाशी होते. साखर कोठे गेली, असे लहान मुलांना विचारल्यास 'संपली', 'तिचे पाणी झाले' किंवा 'वितळली' अशी उत्तरे मिळतात. द्रावणाचा धडा व्याख्येपासून नव्हे, तर या उत्तरांपासून सुरू करणे हिताचे ठरते. पदार्थ डोळ्यांआड झाला तरी तो पाण्यात असतोच, ही गोष्ट मुलाला एकदा पटली की पुढील संज्ञा त्याला जड जात नाहीत.

वितळणे आणि विरघळणे

बोलण्याच्या ओघात 'बर्फ विरघळला' आणि 'साखर वितळली' असे दोन्ही म्हटले जाते. विज्ञानात मात्र या दोन क्रियापदांचे अर्थ वेगळे आहेत. बर्फ किंवा मेण उष्णतेने वितळते. तेथे पदार्थ एकच असतो, केवळ त्याची अवस्था बदलते. विरघळण्यासाठी दोन पदार्थ लागतात. जो विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे मिळून होते ते द्रावण.

साखर नाहीशी झाली नाही, याचा पुरावा तराजू देतो. पेल्यात 100 ग्रॅम पाणी घ्यावे, शेजारी कागदावर 10 ग्रॅम साखर ठेवावी आणि सर्वांचे एकत्र वजन करावे. साखर पाण्यात ढवळून, रिकामा कागद व चमचा यांचा हिशेब चुकू न देता पुन्हा वजन करावे. ते पूर्वीइतकेच भरते. वजन करण्यापूर्वी मुलांचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. अंदाज चुकला की कारण शोधण्याची ओढ आपोआप लागते.

चार पेल्यांचा प्रयोग

सारख्या आकाराच्या चार काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन पहिल्यात साखर, दुसऱ्यात हळद, तिसऱ्यात खोबरेल तेल आणि चौथ्यात दुधाचे काही थेंब घालावेत. साखरेचे पाणी सर्वत्र एकसारखे दिसते. हे समांगी मिश्रण, म्हणजेच द्रावण. हळदीचे बरेचसे कण काही वेळाने तळाशी बसतात, हे निलंबन. तेल वर तरंगते, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते.

दुधाचा पेला सर्वांत फसवा असतो. त्यात काहीच तळाशी बसत नाही, म्हणून मुले त्यालाही द्रावण म्हणतात. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत दोन्ही पेल्यांतून सोडल्यास फरक कळतो. दुधाच्या पाण्यातून जाणारा प्रकाशाचा मार्ग स्पष्ट दिसतो, साखरेच्या पाण्यातून तसा दिसत नाही. दुधातील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात.

किती विरघळते?

ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळू शकतो, ते प्रमाण म्हणजे त्याची विद्राव्यता. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळते; साखर सुमारे 200 ग्रॅम. ही मर्यादा गाठलेले द्रावण संपृक्त होय. त्यानंतर घातलेला पदार्थ तळाशीच राहतो. ढवळल्याने विरघळण्याचा वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही.

'तापवले की जास्त विरघळते' हे वाक्यही सरसकट शिकवू नये. उकळत्या पाण्यात मिठाची मर्यादा जेमतेम 39 ग्रॅमपर्यंत जाते, साखरेची मात्र पाऊणेपाचशे ग्रॅमच्याही पुढे. म्हणूनच साखरेचा दाट पाक थंड होताना जादा साखर स्फटिकरूपाने बाहेर पडते आणि खडीसाखर तयार होते. वायूंची रीत उलटी असते. सोड्याची बाटली गरम झाली की त्यातील वायू लवकर निघून जातो.

मिठागर: उघड्यावरची प्रयोगशाळा

गोव्यातील मुलांसाठी या विषयाची उत्तम प्रयोगशाळा म्हणजे मिठागर. पेडण्यातील आगरवाडा, बार्देशातील हडफडे व नेरूल येथे ही परंपरा जुनी आहे. भरतीचे खारे पाणी मानशीतून आत घेतले जाते आणि उथळ खाचरांतून पुढे सरकवत उन्हात आटवले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे 35 ग्रॅम असतात. हे प्रमाण संपृक्ततेपासून बरेच दूर असल्यामुळे पाण्याचा सुमारे नऊ दशांश भाग आटल्याखेरीज मिठाचे स्फटिक धरू लागत नाहीत. मॅग्नेशियमचे कडवट क्षार अधिक विद्राव्य असल्याने ते उरलेल्या पाण्यातच राहतात. ते पाणी वेळीच काढून टाकले नाही, तर मिठाला कडूपणा येतो.

घरी हाच प्रयोग ताटलीत करता येतो. मिठाचे पाणी तलम कपड्यातून गाळावे. चव खारटच राहते. तेच पाणी उन्हात ठेवल्यास एक-दोन दिवसांत ताटलीत मीठ उरते. स्वयंपाकघरातील ओळखीच्या पदार्थांखेरीज कोणतेही द्रावण चाखू नये, हा नियम मात्र प्रयोगाआधीच सांगावा.

स्वच्छ दिसणारे पाणी

या धड्याचे मोल परीक्षेपुरते नाही. तुरटीने गढूळ पाणी निवळते, कापडाने कचरा अडतो, उकळण्याने रोगजंतू मरतात. पण विरघळलेले क्षार या तिन्ही उपायांनी जात नाहीत. उकळताना पाणी आटत असल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. किनाऱ्यालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरले तर ते चवीवरून कळते. नायट्रेटसारखे विरघळलेले घटक मात्र रंग, वास वा चव यांपैकी कशानेही कळत नाहीत. त्यासाठी पाण्याची तपासणीच करावी लागते. साखर दिसत नसली तरी पेल्यात असते, हे ज्या मुलाने तराजूवर पाहिले आहे, ते नितळ पाण्याला निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर शुद्ध म्हणणार नाही.